फ्रेंच गाडी बिघडते की एकटी पडते?

मुकुटबनसारख्या गावात चारचाकी घ्यायचा विषय निघाला की बोलणे मायलेजपासून सुरू होते आणि पार्टवर येऊन थांबते. पार्ट वणीत मिळेल का, नाही तर चंद्रपूर, तिथेही नसेल तर नागपूर. झरी जामणी तालुक्यातले हे गाव सिमेंटचा कारखाना आणि परिसरातल्या कोळसा खाणींमुळे जड वाहनांच्या वाटेवर आले आहे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल, उन्हाळ्यात धूळ आणि पंचेचाळिशीला टेकणारा पारा, अशा ठिकाणी गाडीचा कस वेगळा काढावा लागत नाही. इथे ‘फ्रेंच गाडीच्या नादी लागू नका’ हा सल्ला जवळपास एकमताने मिळतो, आणि देणाऱ्याने बहुधा फ्रेंच गाडीचे स्टिअरिंग कधी हातात धरलेले नसते. सल्ला टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. त्याला जोडले जाणारे कारण मात्र मला पटत नाही. ‘गाड्याच कच्च्या’ असे सांगितले जाते. भारतातला इतिहास बघितला तर लोखंड बऱ्यापैकी पक्के निघाले आणि कच्चा निघाला तो कंपन्यांचा मुक्काम. दोष गाडीच्या माथी मारला की मध्येच गाशा गुंडाळणारे अलगद सुटतात, म्हणून हा फरक करायला हवा.

आधी इंजिन बघू. महिंद्राने १९७९ मध्ये प्युजोकडून एक्सडीपी ४.९० या डिझेल इंजिनाचा परवाना घेतला. २११२ सीसीचे हे इंजिन एमएम ५४० जीपमध्ये आले, पुढे आर्मडात आले, आणि त्याच घराण्यातले अडीच लिटरचे इंजिन बोलेरोच्या सुरुवातीच्या गाड्यांत होते. एसटीची फेरी चुकली की ज्यांच्या पायरीवर लोंबकळत माणसे बाजाराला जात, त्या जीपगाड्यांपैकी बऱ्याच गाड्यांच्या बॉनेटखाली फ्रेंच आराखड्याचे इंजिन धडधडत होते. नऊजणांच्या जागेत पंधराजण कोंबायचे, ऑईल वेळेवर बदलले तर बदलायचे, डिझेल मिळेल तिथले भरायचे, इतका हालअपेष्टांचा संसार त्या इंजिनाने केला. १९९० च्या दशकाच्या अखेरीस मारुतीने झेन आणि एस्टीम डिझेलमध्ये आणल्या, तेव्हा त्यांतले १५२७ सीसीचे टीयूडी५ इंजिनही प्युजोचेच होते. ते फ्रेंच आहे म्हणून कुणी नाक मुरडल्याचे ऐकिवात नाही. ग्राहकाला नाव मारुतीचे दिसत होते, आणि मारुतीचा मेकॅनिक गल्लीत होता.

आता त्याच प्युजोची स्वतःच्या नावाची गाडी घ्या. प्रीमियर ऑटोमोबाइल्सबरोबर भागीदारी करून प्युजो ३०९ कल्याणच्या कारखान्यातून १९९४ मध्ये बाहेर पडली. युरोपात १९८५ साली आलेली ही गाडी तोवर जुनी झाली होती, पण पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर चालवून कंटाळलेल्या माणसाला ती चालवायला सुखाची वाटे. मग कारखान्यात कामगारांचा तंटा झाला, प्रीमियरने शेजारीच फियाट उनोचा संसार मांडला आणि १९९७ मध्ये प्युजोने काढता पाय घेतला. ज्यांनी रोख मोजून गाडी घेतली होती त्यांच्या हातात एक धडधाकट गाडी आणि न मिळणारा क्लच उरला. २०११ मध्ये प्युजो पुन्हा आली, गुजरातेत साणंदला कारखान्याची घोषणा झाली, आणि वर्षभरात तो बेत बासनात गेला. २०१७ मध्ये याच समूहाने ८० कोटी रुपयांना अ‍ॅम्बेसेडर हे नाव विकत घेतले. गाडी नव्हे, नाव! असा पाहुणा तिसऱ्यांदा दारात उभा राहिला तर घरच्यांनी लगेच पाट-पाणी करावे अशी अपेक्षा कशी धरणार? सिट्रॉएन हे नाव घेऊन ही मंडळी २०२१ मध्ये परत आली आहेत, एवढे खरे.

सगळ्यात बोलका पुरावा नाशिकच्या कारखान्याचा आहे. महिंद्रा आणि रेनो यांनी ५१ आणि ४९ टक्क्यांच्या भागीदारीत २००७ मध्ये लोगन बाजारात आणली. ही गाडी मुळात रोमानियातल्या डाचियासाठी, खडबडीत रस्ते आणि बेताचे खिसे डोळ्यांसमोर ठेवून रेनोने बनवलेली. डाव्या-उजव्या बाजूचे आरसेसुद्धा एकाच साच्यातले, म्हणजे पार्टांची संख्या कमी. तरी लोगन पडली. दिसायला खोक्यासारखी, आणि लांबी चार मीटरच्या वर असल्याने छोट्या गाड्यांना मिळणारी अबकारी करातली सवलत नाही, त्यामुळे किंमत चढी. २०१० मध्ये रेनो भागीदारीतून बाहेर पडली. महिंद्राने गाडी तशीच ठेवली, २०११ मध्ये नाव बदलून व्हेरिटो केले, आणि टॅक्सीवाल्यांनी ती उचलली. कारखाना तोच, सांगाडा तोच, दीड लिटरचे रेनोचे डिझेल इंजिनही तेच. बदलले ते बिल्ल्यावरचे नाव आणि त्यामागे उभे असलेले महिंद्राचे जाळे. ट्रॅक्टर आणि जीपच्या पुण्याईने हे जाळे तालुक्याच्या गावापर्यंत पोचलेले आहे. फ्रेंच असताना ‘जरा सांभाळून’ म्हटली जाणारी गाडी देशी होताच ‘राबणारी’ ठरली. दोन गाड्यांची तुलना करताना शंभर गोष्टी वेगळ्या असतात; इथे एकच गाडी दोन नावांनी विकली गेली आणि लोकांचे मत बदलले.

यावर जाणकार वाचक लगेच जर्मनीकडे बोट दाखवील, आणि ते रास्तच आहे. तिथे टीयूव्ही या संस्थांकडून गाड्यांची ठरावीक मुदतीने सक्तीची तपासणी होते आणि तिच्या वार्षिक अहवालात हीच डाचिया लोगन अनेकदा तळाला राहिली आहे. मग व्हेरिटोची मजबुती हा आपला भ्रम म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. ती तपासणी गाडी रस्त्यात बंद पडली का हे मोजत नाही. तपासणीच्या दिवशी तिच्यात काय दोष सापडला हे मोजते. सस्पेंशनचा बुश ढिला, हेडलाइट चुकीच्या कोनात, सायलेन्सर गंजलेला. स्वस्त गाडी घेणारा माणूस सर्व्हिसवरही हात आखडून खर्च करतो, आणि ते अहवालात उतरते. आपल्याकडे बुश गेला की चौकातला मेकॅनिक चार हातोडे मारून संध्याकाळी गाडी परत देतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. तरीही त्या अहवालातून एक गोष्ट कबूल करावी लागते: स्वस्तात बनवलेल्या गाडीचे खालचे पार्ट लवकर झिजतात. हा कंजूसपणाचा परिणाम आहे, आणि कंजूसपणा सर्व देशांच्या कंपन्या करतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. फ्रेंच इंजिनिअरांना अतिहुशारीची खोड आहे, असे म्हणतात. १९५५ च्या सिट्रॉएन डीएसने तेल आणि वायूच्या दाबावर चालणारे सस्पेंशन दिले. गाडी पाण्यावरून सरकल्यासारखी चाले, पण नळीतून तेल गळू लागले की साध्या मिस्त्रीने हात जोडावेत. २००१ च्या दुसऱ्या पिढीतल्या लगुना गाडीने इलेक्ट्रॉनिक्सच्या बिघाडांपायी युरोपात रेनोची लाज काढली. अलीकडचे उदाहरण तर डोळ्यात भरणारे आहे. प्युजो-सिट्रॉएनच्या १.२ लिटर प्युअरटेक पेट्रोल इंजिनात टायमिंग बेल्ट थेट इंजिन ऑईलमध्ये भिजत फिरतो. घर्षण कमी, आवाज कमी, कागदावर सगळे छान. पण थंड इंजिनात न जळलेले पेट्रोल ऑईलमध्ये उतरते, त्याने बेल्टचे रबर फुगते, त्याचे कपचे सुटतात, ते ऑईल पंपाच्या जाळीत अडकतात आणि ऑईलचा दाब पडतो. तक्रारी इतक्या वाढल्या की २०२४ मध्ये त्यांची मालक कंपनी स्टेलांटिसला युरोपातल्या ग्राहकांसाठी या दोषाची वॉरंटी दहा वर्षे किंवा पावणेदोन लाख किलोमीटरपर्यंत वाढवावे लागले. इथे दोष आराखड्याचाच आहे, त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. मात्र चुका फक्त फ्रेंचांच्याच होतात असे नाही. २०२१ मध्ये मारुतीने एका दोषापायी सुमारे १ लाख ८१ हजार गाड्या परत बोलावल्या. त्या बातमीने मारुतीच्या नावाला ओरखडाही आला नाही, कारण गाडी परत नेऊन द्यायला जवळच वर्कशॉप होते. चूक सर्वांची, ती निस्तरायला कोण किती जवळ आहे, यावर नाव टिकते किंवा जाते.

रिसेलचा मुद्दा नेहमी शेवटचा हुकुमाचा पत्ता म्हणून टाकला जातो. डस्टर बघा, लोक म्हणतात. २०१२ मध्ये आली, गाजली, पुढच्या वर्षी देशातली सर्वोत्तम गाडी ठरली. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ लागू होताच रेनोने भारतात डिझेल बंद केले आणि २०२२ मध्ये त्या डस्टरवरच पडदा पडला. जुन्या डस्टरला आज कोण विचारतो? पण रिसेलची किंमत गाडी किती वेळा बिघडली ते सांगत नाही, पुढचा माणूस किती घाबरलेला आहे ते सांगते. भीती निराधारही नाही. गाड्या कमी विकल्या की मेकॅनिकचा हात बसत नाही, हात बसला नाही की दुकानदार पार्ट ठेवत नाही, पार्ट नसला की दोन तासांच्या कामाला गाडी तीन आठवडे उभी राहते, आणि उभी गाडी गावभर दिसते. डस्टरमधले हेच दीड लिटरचे डिझेल इंजिन युरोपात मर्सिडीजनेही आपल्या ए-क्लासमध्ये बसवले. स्टुटगार्टला चालले ते वणीला का चालू नये? चालते, पण त्याचा इंजेक्टर बिघडला तर कॉम्प्युटर लावून बघणारा माणूस हवा, आणि तोवर गाडी टोचन करून नागपूरला न्यावी लागते.

फ्रेंच यंत्र आणि जवळची दुरुस्ती एकत्र आली तर काय होते हे बघायला आफ्रिकेत जावे. प्युजो ५०४ ने पूर्व आफ्रिकेतली सफारी रॅली १९७५ आणि १९७८ मध्ये जिंकली, पण तिची खरी कमाई रॅलीबाहेरची. नायजेरियात कादुना इथे १९७५ पासून तिची जुळणी सुरू झाली, आणि फ्रान्समध्ये ती बंद झाल्यानंतरही तिथे वर्षानुवर्षे बनत राहिली. खेड्यापाड्यांत टॅक्सी म्हणजे प्युजो. तिथले रस्ते आपल्यापेक्षा बरे नव्हते. आणि आफ्रिका लांब वाटत असेल तर नागपूर घ्या. अल्स्टॉम या फ्रेंच कंपनीने मधेपुऱ्याच्या कारखान्यात रेल्वेसाठी बनवलेली बारा हजार अश्वशक्तीची मालगाडीची इंजिने आपल्याकडे धावतात. २०१५ च्या करारात ८०० इंजिनांच्या पुरवठ्याबरोबर त्यांच्या देखभालीची जबाबदारीही आली, आणि त्यासाठीच्या दोन डेपोंपैकी एक नागपूरला आहे, दुसरा सहारनपूरला. रेल्वेने यंत्र विकत घेतानाच मिस्त्री आणि पार्ट करारात लिहून घेतले. मोटारीच्या ग्राहकाला अशी अट घालता येत नाही.

ती अट सरकारने घालावी. गंमत अशी की फ्रान्सने २०२१ पासून मोबाइल, लॅपटॉप, वॉशिंग मशीन अशा वस्तूंवर त्या किती सहज दुरुस्त होतात याचे गुण छापणे सक्तीचे केले. सुटे भाग मिळतात का आणि केवढ्याला, हेही त्यात धरले गेले. मोटारी त्या यादीत नव्हत्या. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल २०२२ मध्ये सुरू केले आणि त्यात मोटारी घेतल्या, पण पोर्टलवर माहिती टाकणे वेगळे आणि मॉडेल बंद झाल्यावर अमुक वर्षे पार्ट पुरवण्याची हमी किमतीसह बिलावर छापणे वेगळे. निस्सानचा चेन्नईतल्या कारखान्यातला हिस्सा विकत घेऊन आपण राहायला आलो आहोत असे रेनोने २०२५ मध्ये दाखवून दिले. मग कायद्याची वाट न बघता ही हमी छापायला त्यांनीच सुरुवात करावी. तोवर मुकुटबनमध्ये कुणाला जुनी गाडी घ्यायची असेल आणि दारात डस्टर आणि व्हेरिटो दोन्ही उभ्या असतील, तर मी व्हेरिटो घ्या म्हणेन. तीही निम्मी फ्रेंच आहे हे हवे तर व्यवहार झाल्यावर सांगा.