डिझायनरचा उत्साह कशाने टिकतो?

ग्राफिक डिझायनरचा उत्साह ओसरू लागला की त्याला ठरावीक सल्ले मिळतात. पिंटरेस्ट चाळावे, नवे सॉफ्टवेअर शिकावे, नाहीतर मूड लागेपर्यंत थांबावे. आधी प्रेरणा मिळते, मग काम चांगले होते आणि त्यातून डिझायनर वाढतो, अशी समजूत या सगळ्यांमागे आहे. ती तपासली तर टिकत नाही.

चांगली कामे पाहून नजर तयार होते, हे खरेच. पण मोबाइलवर भराभर सरकवलेल्या चित्रांत फक्त पूर्ण झालेले काम दिसते. ग्राहकाची गरज काय होती, कागद कोणता होता, किती आराखडे बाद झाले, यातले काहीच कळत नाही. हाती लागते ती नक्कल. देवनागरीत तिचे दुष्परिणाम लगेच उघडे पडतात. रोमन कॅपिटल अक्षरे सुटी-सुटी मांडलेली छान दिसतात म्हणून मराठी शीर्षकातही तसेच अंतर वाढवले जाते. शिरोरेषा तुटते आणि शब्दाचा शब्दपणाच जातो. दोन ओळींमधले अंतर रोमनच्या मापाने ठेवले की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर आदळतात. अशा कामात प्रेरणेची उणीव नसते, लिपीच्या अभ्यासाची असते.

सॉफ्टवेअरचे समर्थक म्हणतात की साधने बदलतात आणि जो शिकत नाही तो मागे पडतो. साधन हातात बसलेले असावे, याबद्दल दुमत नाही. मात्र ते शिकणे म्हणजेच वाढ, हे मान्य करता येत नाही. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या वर्तमानपत्री जाहिरातींसाठी शीर्षके हाताने रेखाटली. जागा तुटपुंजी, कागद साधा. तरीही नाटकाचा स्वभाव अक्षरांच्या वळणातून वाचकापर्यंत पोचत असे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) सुलेखन आणि जाहिरातकलेतून आले, मुंबईच्या आयआयटीत शिकवू लागले आणि पुढे संगणकाच्या फॉन्टकडे वळले. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. बोरूपासून संगणकापर्यंतच्या या प्रवासात साधन पार बदलले. अक्षराची जाण तीच राहिली आणि नव्या साधनात तिलाच काम मिळाले.

मूडची वाट पाहण्याचा सल्ला सर्वांत घातक, कारण उत्साह कामातून येतो हेच तो विसरायला लावतो. एक साधे उदाहरण घ्यावे. माहितीपत्रकातला बारीक मजकूर चारही शाया मिसळून काळा केला, तर ऑफसेट छपाईत रंगांची जुळणी केसभर जरी सरकली तरी अक्षरांना रंगीत कडा येतात आणि मजकूर धूसर दिसतो. पडद्यावर हा दोष दिसतच नाही. मशीनजवळ उभे राहून छापलेला कागद भिंगाखाली पाहणाऱ्याला तो दिसतो. पुढच्या कामात तो मजकूर फक्त काळ्या शाईत ठेवतो. मग कोणता कागद शाई जास्त पितो, त्यावर छटा किती गडद उतरते, हेही त्याला जाणून घ्यावेसे वाटू लागते. एक दोष कळला की पुढचा दिसू लागतो, आणि ही वाढणारी नजरच डिझायनरला दुसऱ्या दिवशी टेबलाशी आणून बसवते. तिची तयारी करण्याचे मार्गही साधे आहेत: जुने काम काढून त्यातल्या चुकांवर खुणा करणे, हाताने अक्षरे गिरवणे, आणि ज्या मजकुराची मांडणी करायची तो आधी पूर्ण वाचणे. शेवटची गोष्ट आश्चर्य वाटावे इतकी दुर्मीळ आहे.

यावर एक आक्षेप मात्र रास्त आहे. उत्साह संपण्याचे कारण पुष्कळदा डिझायनरच्या आत नसतेच. अपुरा मोबदला, रात्री उशिरा सांगितलेले बदल, फुकट मागितलेले नमुने यांनी खचलेल्या माणसाला अक्षरे गिरवायला सांगणे हा अन्याय आहे. तिथे आगाऊ रक्कम आणि किती वेळा दुरुस्त्या होतील याचा लेखी करार हाच उपाय. स्टुडिओच्या मालकांचीही यात जबाबदारी आहे: नवख्या डिझायनरला छपाईच्या वेळी प्रेसवर पाठवावे, आणि तो वेळ कामाचाच धरून त्याचा पगार द्यावा.