दिवस विजयाचा, आठवण माणसांची

दरवर्षी २६ जुलैला, कारगिल विजय दिनी, कितीतरी शाळांत चिमुरडी फौजीचा ड्रेस घालून, खेळण्यातली बंदूक घेऊन उभी राहतात. घोषणा होतात, खाऊ मिळतो. मग घरी येऊन एखादं विचारतं, "आई, आपण किती जणांना मारलं?" चूक त्याची नाही. आपण त्याला फक्त जिंकणं दाखवलं.

१९९९च्या त्या लढाईत आपले ५२७ जवान गेले. पाच-सहा वर्षांच्या मुलाला हा आकडा कळत नाही. 'कुणाचे तरी बाबा घरी परत आलेच नाहीत' हे मात्र लगेच कळतं.

सातारा जिल्ह्यातल्या आपशिंगे मिलिटरी गावात पहिल्या महायुद्धात गेलेल्या ४६ जणांचं स्मारक आहे. आपल्या गावाजवळही असा एखादा स्तंभ असेल. मुलाला तिथे न्या, सगळं वाचून दाखवा. 'त्यांची आई कुठंय?' असं त्याने विचारलं, तर टाळू नका.

रक्तपाताची वर्णनं नकोत, द्वेष तर नकोच. आणि गावात एखादी वीरपत्नी असेल, तर मुलाला घेऊन तिच्याकडे घटकाभर बसून या. आपल्याला आठवण वर्षातून एकदा येते, मैत्रिणींनो. तिला रोजच असते.