एक्स-रेत दिसलं नाही म्हणजे काही नाही?

मुलाने काहीतरी गिळलं, एक्स-रे काढला आणि त्यात काही दिसलं नाही, की पालक सुटकेचा निःश्वास टाकतात. माझं मत मात्र स्पष्ट आहे : अशा वेळी फिल्मइतकंच महत्त्व तुम्ही सांगितलेल्या हकिकतीला द्यायला हवं.

कारण समजून घ्या. एक्स-रे ही एक प्रकारची सावली आहे. किरण जिथे अडतात तो भाग पांढरा दिसतो, जिथून आरपार जातात तो काळा. ते किती अडतील हे वस्तूची जाडी, घनता आणि तिच्यातले अणू किती जड आहेत यावर ठरतं. कॅल्शियमचा अणुक्रमांक 20, म्हणून हाड पांढरं दिसतं. लोखंडाचा 26, म्हणून खिळा त्याहून ठळक दिसतो. प्लॅस्टिक, लाकूड, शेंगदाणा यांत मात्र कार्बन (6), ऑक्सिजन (8) असे हलके अणू असतात. आपलं मांसही मुख्यतः अशाच अणूंचं. मग वेगळी सावली पडणार कशी? माशाचा बारीक काटाही अनेकदा दिसत नाही. उलट काच डोळ्यांना पारदर्शक, पण एक्स-रेत बहुधा दिसते.

म्हणजे शेंगदाणा खाताना मुलाला जोराचा ठसका लागला आणि नंतर खोकला किंवा छातीत घरघर सुरू झाली, तर एक्स-रे नॉर्मल असला तरी दुर्बिणीने श्वासनलिका तपासावी लागू शकते. डॉक्टरांनी तसं सुचवलं तर "उगाच खर्च" म्हणून टाळू नका.

दिसणारी वस्तूही फसवते. बटण सेल एक्स-रेत नाण्यासारखाच गोल दिसतो. नीट पाहिलं तर कडेला दुहेरी वर्तुळ असतं. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही गंभीर जखम करू शकतो. तेव्हा "नाणंच असेल" म्हणून घरी थांबू नका. रिमोट, घड्याळ, खेळणं तपासा आणि लगेच रुग्णालय गाठा.

काय गिळलं, केव्हा गिळलं, ते लपवू नका. तशीच दुसरी वस्तू घरात असेल तर सोबत आणा. केळं किंवा भाताचे गोळे गिळायला देऊ नका, उलटी करवू नका. मुलाला रागावणंही नको. घाबरलेलं मूल खरं सांगत नाही आणि जे यंत्राला दिसत नाही, ते कित्येकदा त्यालाच ठाऊक असतं.