अडगळीची मालकीण

हा अंक आपल्या हाती पडेल तोवर घराघरांतली झाडलोट आटोपली असेल, आणि माळ्यावरून उतरवलेल्या सामानापैकी निम्मे पुन्हा माळ्यावर जाऊन बसले असेल. रागावू नका, वाचकहो. आमच्या नंदुरबारातही हेच चालते. रद्दीवाला वर्तमानपत्रे नेतो हे खरे, पण भांडेवाली जुने कपडे घेऊन जाते आणि मोबदल्यात स्टीलचे पातेले ठेवून जाते. म्हणजे कपाटातली अडगळ फळीवर आली, एवढेच! शिवाय सुरत रेल्वेने हाताशी. दिवाळीच्या दिवसांत तिकडून रिकाम्या हाताने परतलेली बाई मी अजून पाहिलेली नाही.

साठवण ही आम्हा खानदेशी गृहिणींची एके काळची गरज. ज्वारी, डाळी, मिरची वर्षाची एकदाच भरायची. पण जुन्या धाब्याच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असे. दिव्याला कोनाडा, दुधातुपाला शिंके, कपड्यांना दांडी, डाळींना मडक्यांची उतरंड. आता कोपऱ्यावरच्या दुकानात हवी तेव्हा किलोभर डाळ मिळते, तरी मिठाईचे रिकामे डबे आम्ही जपून ठेवतो. कशासाठी, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही.

धडगावच्या बाजूला सातपुड्यात पावरा कुटुंबांची घरे आहेत. सागाचे खांब, कुडाच्या सारवलेल्या भिंती. सामान टांगलेले किंवा भिंतीशी लावलेले, मधली जमीन मोकळी. शहरातला पाहुणा म्हणतो, “बिचाऱ्यांकडे सामानच नाही!” मला हे पटत नाही. माणसे, धान्य, कोंबड्या, आलागेला, सगळ्यांनी एका छपराखाली राहायचे तर जमीन मोकळीच हवी. गृहसजावट म्हणून आपण पैसे मोजून जे शिकतो, ते याहून निराळे काय असते? (याच डोंगरातली गावे धरून महाराष्ट्रातली ३३ गावे सरदार सरोवराने बाधित झाली. कित्येकांनी राहती घरे उकलून लाकडे नव्या वसाहतींत नेली. घर रिकामे करण्याच्या गप्पा मारताना एवढे ध्यानात असावे.)

जपानच्या मारी कोन्डो बाईंचे पुस्तक २०१४ साली इंग्रजीत आले आणि जगभर गाजले. वस्तू हाती घ्यावी, आनंद वाटला तर ठेवावी, नाहीतर आभार मानून निरोप द्यावा. पोळपाट-लाटण्याने मला आजवर आनंद दिलेला नाही, तरी ते घरात राहणारच! माझा प्रश्न निराळा आहे. एका घरात तीन पिढ्या असल्या, तर आनंद कोणाचा धरायचा?

आणि ताप कोणाला, तेही पाहा. कॅलिफोर्नियातल्या डार्बी सॅक्सबी आणि रेना रेपेट्टी या दोघींनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. ६० नोकरदार पती-पत्नींनी आपापले घर फिरून दाखवले. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे जास्त, त्यांच्या शरीरातले कॉर्टिसोल हे ताणाचे संप्रेरक दिवस कलताना उतरावे तसे उतरत नव्हते. घरधन्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

आमच्या सासूबाई ८१ वर्षांच्या. श्रावणात एका रात्री न्हाणीकडे जाताना बोळातल्या ट्रंकेला त्यांचा पाय अडखळला. भिंत हाताशी होती म्हणून सावरल्या. सकाळी मुलांनी तिन्ही ट्रंका भंगारात काढायचे ठरवले. मी आडवी आले. ट्रंका त्यांच्या, तेव्हा निवाडाही त्यांचाच.

मग चार दुपारी त्या खुर्चीवर बसल्या आणि मी एकेक वस्तू दाखवीत गेले. मामंजींचे धोतर त्या उराशी धरतील असे मला वाटले होते. त्यांनी ते फडक्यांसाठी टरकन फाडले. चिनी मातीच्या बरण्या शेजारच्या नव्या सुनेला दिल्या. पत्रांच्या एका पुडक्याला मात्र हात लावू दिला नाही. तीन ट्रंकांची एक झाली, ती खाटेखाली गेली. बोळात आता रात्रीचा लहान दिवा तेवढा असतो, आणि सासूबाई मला हाक न मारता जाऊन येतात.

तांब्याच्या बंबावर तेवढे एकमत नाही. आमचे हे म्हणतात, मोडीत द्या. सासूबाई म्हणतात, “नरकचतुर्दशीचे पाणी त्यातच तापेल, मग बघू.” तूर्त तो चिंचेने घासून अंगणात ठेवला आहे.