धुराला दाखला, ब्रेकला नाही

आळंदीहून पुण्याकडे जाणाऱ्या पालखीमार्गावर थोरल्या पादुकांच्या देवळाजवळ चऱ्होलीचा फाटा लागतो, आणि १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत आलेल्या या गावाच्या रस्त्यांवर आज मोशी-चाकणच्या कारखान्यांकडे धावणारे कामगार, नव्या इमारतींसाठी खडी वाहणारे डंपर, शाळांच्या बसगाड्या आणि एकादशीला माउलींच्या दर्शनासाठी पायी निघालेले वृद्ध वारकरी यांची एकच सरमिसळ झालेली असते. अशा रस्त्यावर जुनी मोटार चालविणाऱ्या गृहस्थाने इतर कोणत्या दुरुस्तीस विलंब लावला, तर त्याचा उपद्रव बहुतांशी त्याला स्वतःलाच सोसावा लागतो. झिजलेल्या ब्रेकच्या बाबतीत मात्र हयगय एकाची आणि प्राणसंकट दुसऱ्याचे, असा विपरीत व्यवहार घडतो, आणि म्हणूनच हा विषय केवळ मालकाच्या मर्जीवर सोडून देणे मला सर्वथा गैर वाटते.

आपल्या कायद्याने तो जवळजवळ तसाच सोडून दिला आहे. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी ग्राह्य असते, आणि त्या मुदतीअखेर नूतनीकरणासाठी ती परिवहन कार्यालयात रुजू होईपर्यंत तिचे ब्रेक कोणा सरकारी निरीक्षकाने पाहावेत अशी नियमित तजवीज नाही. त्याच मोटारीच्या धुराचा दाखला मात्र, ती जुन्या मानकाची असल्यास सहा महिन्यांनी आणि भारत स्टेज-४ किंवा त्यापुढील मानकाची असल्यास वर्षाने, घ्यावाच लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १९० वे कलम सदोष वाहन रस्त्यावर आणणे दंडनीय ठरविते, हे खरे. पण दोष शोधण्याची व्यवस्थाच नसल्यामुळे त्या कलमाची आठवण बहुधा अपघाताच्या पंचनाम्यानंतर होते. ब्रिटनने १९६० साली जुन्या मोटारींची सक्तीची तपासणी सुरू केली तेव्हा ब्रेक, दिवे आणि स्टिअरिंग एवढ्यांपासूनच आरंभ केला. प्रथम दहा वर्षांवरील वाहनांना लागू असलेली ती तपासणी आज तिसऱ्या वर्षापासून दरसाल करावी लागते.

१९९८ च्या अखेरीस लोकांपुढे आलेली आणि २०१८ पर्यंत तयार होत राहिलेली टाटांची इंडिका पिंपरीच्या कारखान्यातून बाहेर पडली, आणि या पट्ट्यातील कितीतरी कुटुंबांची ती पहिली मोटार ठरली. तिच्या पुढील चाकांना डिस्क आणि मागील चाकांना ड्रम असतात. पुढचे पॅड नवे असताना सुमारे दहा मिलिमीटर जाडीचे असतात आणि दोन-तीन मिलिमीटर उरले की बदलावे लागतात, हे मिस्त्रीला चाक काढताच दिसते, म्हणून ते बदललेही जातात. परंतु मागचा ड्रम खोलल्याशिवाय लायनर किती उरला आहे, व्हील सिलिंडर गळून ब्रेक ऑइल लायनरवर उतरले आहे काय, हे कळत नाही, आणि घाईच्या गिऱ्हाइकासाठी तो बहुधा खोललाच जात नाही. त्याहून उपेक्षित म्हणजे खुद्द ब्रेक ऑइल. ते हवेतील बाष्प शोषून घेते, आणि ताजेपणी किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत न उकळणारे डॉट-३ प्रतीचे तेल पाणी मुरल्यावर १४० अंशांच्या आसपासही उकळू शकते. घाटाच्या उतारावर ब्रेक तापले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, ती वाफ दाबली जाते आणि पॅडल थेट तळाला जाते. डिझेल इंडिकेत पॅडलवरील पायाचा जोर वाढविणाऱ्या बूस्टरला लागणारी निर्वात पोकळी इंजिनातून आपोआप मिळत नाही, ती अल्टरनेटरला जोडलेला पंप निर्माण करतो. तेव्हा अल्टरनेटरचा पट्टा तुटला, अथवा डिझेल वाचविण्यासाठी कोणी उतारावर इंजिनच बंद केले, तर बूस्टरमधील शिल्लक एकदोन दाबांत संपते आणि पॅडल दगडासारखे घट्ट होते. म्हणून ज्याने चारही चाके खोलून घेतली, पॅड आणि लायनर जोडीने बदलले, ऑइल नवे भरून एअर काढून घेतली, होस पाइप आणि पंपही पाहून घेतले, त्यानेच ब्रेकचे काम झाले असे म्हणावे.

गाडीची किंमतच लाखाच्या आत आली, तिच्यावर हजारो रुपये का घालावेत, हा प्रश्न मी अनेकदा ऐकतो, आणि कंत्राटी नोकरीवर संसार चालविणाऱ्या माणसाच्या तोंडी तो आला तर त्याची अडचण मला कळते. तथापि बाजारभाव उतरला म्हणून सुमारे एक टन वजनाच्या मोटारीचा आघात उतरत नाही. ताशी ४० किलोमीटरच्या वेगाने ती सेकंदाला ११ मीटर अंतर कापते, आणि वेग दुप्पट झाला तर तिला थांबविण्याचे काम चौपट होते. पैसे वाचवायचेच असतील तर सीटची कव्हरे आणि म्युझिक सिस्टिम वर्षभर पुढे ढकलता येतात.

माझी मागणी अशी आहे की, खासगी मोटारीच्या ब्रेकची तपासणी सातव्या वर्षापासून दर दोन वर्षांनी सक्तीची व्हावी, आणि ती निरीक्षकाच्या नजरेवर न सोपविता प्रत्येक चाकाचा ब्रेक स्वतंत्रपणे मोजणाऱ्या रोलर यंत्रावर व्हावी. व्यापारी वाहनांचा अनुभव आपल्यापुढे आहेच. चाचणीवाचून योग्यता प्रमाणपत्रे दिली जातात अशा तक्रारींवरून मुंबई उच्च न्यायालयाला २५० मीटर लांबीच्या ब्रेक चाचणी मार्गाचा आग्रह धरावा लागला होता. मोशीला परिवहन कार्यालय आहे, भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आहे, चाकणला ब्रेम्बोसारखे ब्रेक बनविणारे कारखाने आहेत. या योजनेचा पहिला प्रयोग करण्यास याहून योग्य परिसर महाराष्ट्रात शोधावा लागेल. नापास ठरलेल्या मोटारीच्या मालकाला लगेच दंड न करता दुरुस्तीसाठी १५ दिवसांची मुदत आणि एक विनाशुल्क फेरतपासणी द्यावी. तसेच रस्त्याकडेच्या छोट्या गॅरेजांतील मिस्त्रींसाठी महापालिकेच्या मोरवाडी येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत ब्रेकदुरुस्तीचा अल्प मुदतीचा वर्ग उघडावा, आणि तो पूर्ण केलेल्या मिस्त्रीच्या सहीची, बदललेल्या भागांची नोंद असलेली पावती फेरतपासणीच्या दफ्तरात जोडून घ्यावी.