बंदूक स्वदेशी, कसोटी कोणाची?

दुसऱ्या महायुद्धात पराभूत आणि निःशस्त्र झालेल्या जपानने १९५४ साली स्वसंरक्षण दले उभी केली, ती बव्हंशी अमेरिकी शस्त्रांवर. त्यामुळे १९६२ साली स्वीकारलेली ‘टाइप ६२’ ही स्वदेशी मशीनगन त्या राष्ट्राच्या स्वाभिमानाचा विषय होती. दुपायीवर हलकी, तिपायीवर मध्यम. तापलेली नळी झटपट बदलता येई, वजनही जुन्या ब्राउनिंगहून कमी. कागदावर नाव ठेवायला जागा नव्हती! प्रत्यक्षात मात्र ऐन वेळी अडकणारी म्हणून ती सैनिकांत बदनाम झाली. १९९३ पासून बेल्जियन आराखड्याची ‘मिनिमी’ तिची जागा घेऊ लागली.

ज्या देशाने १९६४ साली शिंकान्सेन धाववली, त्याला एक बंदूक साधू नये? दोष बुद्धीचा नव्हे. १९७६ पासून २०१४ पर्यंत शस्त्रनिर्यात जवळजवळ बंद, देशांतर्गत मागणी तुटपुंजी आणि रणांगणाची कसोटी तर नाहीच. एकच गिऱ्हाईक, तेही बांधलेले. मग उणीव दाखवणार कोण? पुढे हे उत्पादन सुमितोमो हेवी इंडस्ट्रीजकडे आले. मशीनगनच्या चाचण्यांचे आकडे तेथे अनेक दशके खोटे नोंदवले जात होते, हे डिसेंबर २०१३ मध्ये उघड झाले. २०२१ साली या कंपनीने नव्या मशीनगनच्या विकासातून अंग काढून घेतले.