आकाशांतील त्रैराशिक

तीसांवर वर्षें आम्हीं मुलांस त्रैराशिक शिकविलें. परंतु तें कशासाठीं शिकावयाचें, हें आम्हांस उतारवयांत आमच्या नातीकडून कळलें.

ती बारामतीस विमान चालविण्यास शिकते. व्यवसायी वैमानिकाच्या परवान्यासाठीं एकंदर २०० तासांचें उड्डाण लागतें. त्यांत स्वतः मुख्य वैमानिक होऊन केलेला, निदान ३०० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारें ५५५ किलोमीटरांचा, एक प्रवास असावा लागतो व वाटेंत दोन निराळ्या विमानतळांवर उतरावें लागतें. विमान अर्थातच तासाच्या भाड्याचें.

दिवाळींत ती राहुरीस आली व ओसरीवर नकाशा पसरून बसली. बारामतीहून छत्रपति संभाजीनगर, तेथून धुळें, आणि धुळ्याहून परत बारामती असा त्रिकोण; बेरीज सुमारें ६३५ किलोमीटर. शेवटची बाजू पाहून आम्हांस कौतुक वाटलें. पुणतांब्याजवळ गोदावरी, मग प्रवरा, मग मुळा धरणाचें पाणी, पुढें दौंडजवळ भीमा. सारा आपलाच मुलूख. धरणाच्या पुढें मात्र तिनें रेघ वांकविली. "आजोबा, तिकडे के. के. रेंज. लष्कराचा गोळाबाराचा सराव असतो."

मग हिशेब निघाला. वेग ताशी २०० किलोमीटर, टाकींत चार तासांचें इंधन. पहिल्या दोन बाजूंस, चढउतार धरून, दोन तास. तिसरी बाजू ३०० किलोमीटरांची, तिला दीड तास. उरला अर्धा तास. "तो माझा नव्हे," ती म्हणाली, "तो राखून ठेवायचा, असा नियमच आहे." समोरून ताशी ५० किलोमीटरांचा वारा असला तर? आम्हीं मनांत मांडणी केली: वेग १५०, वेळ दोन तास, शिल्लक शून्य. "मग त्या दिवशीं धुळ्यास मुक्काम. हें मी आजच, घरीं बसून ठरवतें आहे. वर गेल्यावर, भाड्याचा तास चालू असला कीं मन लबाडी करतें."

जादा बाळगण्याची ही रीत जुनी आहे. १९२९ सालीं आगाखानांनीं इंग्लंड-हिंदुस्थान प्रवास एकट्यानें विमानांतून करणाऱ्या हिंदी वैमानिकासाठीं बक्षीस लाविलें होतें. जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले, अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. मिसर देशांत अबूकीर येथें गांठ पडली, तेव्हां इंजिनिअर स्पार्क प्लगवांचून अडकले होते. टाटांनीं आपल्याजवळचा जादा प्लग त्यांस दिला. बक्षीस इंजिनिअर यांस मिळालें.

ठरल्या दिवशीं दुपारीं आम्ही शेजाऱ्यांसह गच्चीवर जमलों. घरांत हिनें देव पाण्यांत घातले होते. वेळ टळून तास झाला; कोणी कांहीं बोलेना. अखेर फोन आला. दक्षिणेचा वारा पडेल म्हणून तासभर वाट पाहिली, पडला नाहीं, धुळ्यास मुक्काम.

खरें सांगावयाचें तर जीव भांड्यांत पडण्याआधीं आम्हांस ओशाळें वाटलें. शेजाऱ्यांस काय सांगावें? चिरंजीव जादा दिवसाच्या भाड्याचा आंकडा मांडूं लागले. तेव्हां ही म्हणाली, "पोरीनें ठरविलें तें पाळलें. उत्तर जुळेना तर पुसून मांडावें, असें तुम्हीच ना शिकवीत होतां?"

आमची विनंति इतकीच कीं, घरचें मूल लांबच्या वाटेस लागतांना "वेळेवर पोहोंच" असें त्यास सांगूं नये. "थांबावेंसें वाटलें तर थांब" असें सांगावें, आणि थांबण्याचा खर्च आधींच बाजूस काढून ठेवावा.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं गच्चीवरून एक ठिपका दिसला व धरणाकडे गेला. ही वर आलीच नाहीं. बारामतीहून फोन येईपर्यंत देव पाण्यांतच होते.